बाबांना स्ट्रोकनंतर अफेजिया (मेंदूला इजा होऊन बोलणं-समजणं बिघडणं) – टेस्टमधलं काय समजायचं आणि घरी काय करायचं?

बार्शीचा_मुलगा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. बाबा ६४ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, सोलापूर-पुणे रूटवर बरीच वर्षं काढली. दोन महिन्यांपूर्वी झोपेतच स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, उजवा हात-पाय गेला. कधी आला हेच नक्की सांगता येईना म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही. पाय आता बराच सुधारलाय, काठी धरून बाथरूमपर्यंत जातात, हात अजून लुळाच आहे.

पण घरात सगळ्यांना जास्त लागलंय ते बोलणं. सुरुवातीला काही विचारलं तरी फक्त "तेच तेच, तेच तेच" एवढंच. आता थोडे शब्द येतात, चहा, नको, अगं, चल. आईला हाक मारताना "बहीण" म्हणतात आणि म्हटल्या म्हटल्या स्वतःलाच कळतं, कपाळावर हात मारून घेतात. चमचा हातात दिला तर नीट वापरतात पण हे काय आहे विचारलं की ओठ हलतात नुसते. जेवलात का विचारलं तर हो, अजून जेवायचंय ना विचारलं तरी हो. आणि संध्याकाळी आई देवापुढे आरती म्हणायला लागली की हे तिच्या बरोबरीनं अख्खी आरती म्हणतात, उच्चार एकदम स्वच्छ! त्यावरून आमचे काका म्हणतात की आरती येते मग पाणी मागता येत नाही असं कसं, मुद्दाम करतोय, लक्ष वेधून घेतोय. हे बाबांसमोर बोलतात आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी येतं.

एका हॉस्पिटलमधे स्पीच थेरपी सुरू केली होती. पहिल्या दिवशी चित्रं दाखवून तासभर टेस्ट घेतली आणि रिपोर्टवर लिहिलंय "ब्रोकाज अफेजिया, एक्यू ४१". म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नाही. नंतर अ आ इ ई चं पुस्तक दिलं, रोज गिरवून आणि म्हणून घ्या म्हणाले. बाबा पाटी बघितली की ढकलून देतात. ज्या माणसानं आयुष्यभर तिकिटांचा हिशोब चोख ठेवला त्याला बाराखडी, मलाच बघवत नाही.

तर विचारायचंय की हा ४१ आकडा म्हणजे बुद्धी ४१ टक्के उरलीय असं आहे का? त्यांना आमचं बोलणं नक्की किती कळतं? आणि बार्शीसारख्या ठिकाणी राहून घरी नेमकं काय करायचं?

वाचा_उपचार_नागपूर

दादा, मी स्पीच थेरपिस्ट आहे, या क्षेत्रात बरीच वर्षं आहे. बाबांना न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही इतकं बारकाईनं लिहिलंय की बऱ्याच गोष्टींवर बोलता येईल.

आधी काकांचं. हा पोस्ट त्यांना वाचून दाखवा प्लीज. आरती, पाढे, एक ते दहा आकडे, वारांची नावं, रागात तोंडून जाणारी शिवी, हे सगळं पाठ झालेलं आपोआप येणारं बोलणं असतं आणि ते मेंदूचा डावा भाग दुखावला तरी बऱ्याचदा शाबूत राहतं. "मला पाणी दे" हे मात्र दर वेळी नव्यानं जुळवावं लागतं, शब्द शोधायचा, प्रत्यय लावायचा, क्रियापदाचं रूप करायचं, मग ओठांना हुकूम द्यायचा. बाबांचं अडतंय ते तिथे. मुद्दाम करणारा माणूस चुकीचा शब्द गेल्यावर कपाळावर हात मारून घेत नाही हो. आणि "तेच तेच" सुद्धा ओळखीचं लक्षण आहे. १८६१ साली पॅरिसमधे पॉल ब्रोका नावाच्या सर्जनने ज्या पेशंटवरून हे सगळं जगापुढे मांडलं तो पेशंट काहीही विचारलं तरी "तान तान" एवढंच म्हणायचा, लोक त्याला तान म्हणूनच ओळखायचे. त्याच ब्रोकाचं नाव तुमच्या रिपोर्टवर आहे, म्हणजे समज त्यामानानं बरी पण बोलणं अडलेलं असा अफेजिया.

आता ४१. ही वेस्टर्न अफेजिया बॅटरी नावाची टेस्ट असणार, आपल्याकडच्या काही भाषांमधे तिची रूपांतरं झालीत. तिच्यात मनानं बोलणं, ऐकून समजणं, ऐकलेलं तसंच म्हणून दाखवणं आणि वस्तूंची नावं सांगणं असे चार भाग असतात, त्यावरून शंभरपैकी अफेजिया कोशंट काढतात, तोच एक्यू. ९३.८ च्या खाली आला की अफेजिया धरतात आणि २६ ते ५० म्हणजे तीव्र. बुद्धीशी या आकड्याचा संबंध नाही. बाबांना तुम्ही कोण, घर कुठलं, आज कोण रागावलं, पेन्शन कधी येते हे सगळं माहिती असतं, ते शब्दांत बाहेर येत नाही.

पण खरं सांगू का, एकट्या ४१ वरून मी थेरपी सुरू करणार नाही. चार भागांचे वेगवेगळे मार्क मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. समजण्याचे मार्क बरे आणि बोलण्याचे कमी असतील तर एक रस्ता, दोन्ही कमी असतील तर दुसरा. मी स्वतः आकड्यांपेक्षा चुका जास्त बघते. बायकोला बहीण म्हणणं म्हणजे अर्थाच्या जवळचा चुकीचा शब्द येतोय, "चमचा" चं "मचचा" झालं तर शब्द सापडलाय पण आवाजांची जुळणी चुकतेय, आणि ओठ चाचपडत राहिले तर स्नायूंना हालचालीचा क्रम सापडत नाही, त्याला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात आणि ब्रोकाबरोबर तो बऱ्याचदा असतो. तिन्हींना व्यायाम वेगळे. शिवाय ऐकू नीट येतं का, उजव्या बाजूचं दिसतं का हेही बघायलाच हवं, कारण उजव्या बाजूची नजर गेलेली असेल तर त्या बाजूचं चित्र दिसलंच नाही आणि मार्क गेले असं होतं. चष्मा लावून टेस्ट घेतली होती का तेही विचारा.

किती कळतं याबद्दल. सलग "हो" येणं हे हो-नाहीचा घोळ असल्याचं लक्षण आहे, त्यावरून त्यांना कळत नाही असं धरू नका, आणि सगळं कळतं असंही धरू नका. आम्ही जोडीनं प्रश्न विचारतो, तुम्ही बार्शीला राहता का, तुम्ही नागपूरला राहता का, श्रावण चैत्राच्या आधी येतो का, चैत्र श्रावणाच्या आधी येतो का. दोन्हीला हो आलं तर तोंडच्या हो वर विश्वास ठेवायचा नाही, बोट दाखवून किंवा अंगठा वर-खाली करून उत्तर घ्यायचं. रोजच्या साध्या बोलण्यात ब्रोकावाल्यांचं बरंच निभावतं कारण समोरची परिस्थिती मदत करते. पण "वाघाला माणसानं मारलं" म्हटलं आणि दोन चित्रं ठेवली की बरेच जण वाघ माणसाला मारतोय त्या चित्रावर बोट ठेवतात, कारण ला आणि नं हे छोटे प्रत्ययच निसटतात. म्हणून घरात त्यांच्याशी बोलताना वाक्य छोटं आणि सरळ, एका वेळी एकच गोष्ट, पण आवाज मोठ्या माणसाशी बोलतो तसाच. ओरडून बोलायचं नाही आणि बाळाशी बोलल्यासारखंही नाही.

आणि हो, बाराखडीबद्दल तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. सुटं "क" म्हणता आलं म्हणून "कप" मागता येत नाही. उच्चारांचं काम कधीकधी लागतं पण तेही कामाच्या शब्दांतून करता येतं. बाबांसाठी लागणारे शब्द बाबांच्या आयुष्यातले हवेत, आईचं नाव, तुमचं नाव, पाणी, लघवी, दुखतंय, बस, थांब, औषध. बाबा कंडक्टर होते ना, मग मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पाटस ही ओळ त्यांच्या तोंडात बसलेली असणार. तुम्ही "मोहोळ, टें..." म्हणून थांबा आणि त्यांना पुढचं घेऊ द्या. ते आलं की ओळीतून एक स्टॉप बाहेर काढा, नकाशावर बोट ठेवून हे कुठलं, इथे गाडी किती वेळ थांबायची, हाफ तिकीट की फुल. पाठ असलेल्यातून मनाच्या बोलण्याकडे आणायचं ते असं.

आरतीचंही तसंच. नुसती आरती रोज म्हटल्याने बोलणं येत नाही, मन प्रसन्न राहतं तो भाग वेगळा. पण सुरात बोलण्याची एक पद्धत १९७३ पासून वापरात आहे, मेलोडिक इंटोनेशन थेरपी. समज बरी आणि बोलणं अडलेलं अशा पेशंटसाठी. "पा-णी द्या" असं छोटं वाक्य दोन सुरांत, डाव्या हातानं प्रत्येक अक्षराला टेबलावर टाप देत, आधी बरोबर म्हणायचं, मग आपण मधेच आवाज काढून घ्यायचा, मग प्रश्नाला उत्तर म्हणून म्हणायचं, शेवटी सूर कमी करत साध्या बोलण्यावर यायचं. एकदा थेरपिस्टकडून बघून घ्या, मग आई घरी करू शकेल.

आणखी एक, शब्द अडला की लगेच पुरवू नका. मनात दहापर्यंत मोजा. मग ते कशासाठी वापरतात, कुठे ठेवतात असं विचारा, तरी नाही आलं तर पहिलं अक्षर द्या, "च...", आणि तरी नाही तर तुम्ही म्हणा, त्यांना एकदा म्हणू द्या आणि पुढे चला. दमल्यावर थांबायचं. सकाळी फ्रेश असताना थोडं, संध्याकाळी थोडं.

सोलापूर_गड्डा

आमच्याकडे वेखंड मधात उगाळून जिभेला लावतात, जीभ जड झाली असेल तर हलकी होते, आजोबांना फरक पडलेला. करून बघायला काय हरकत आहे, साइड इफेक्ट नाही.

वाचा_उपचार_नागपूर

तुमची भावना कळते, पण हरकत आहे म्हणून लिहिते. अफेजियात जीभ जड झालेली नसते, शब्द जुळवणारा मेंदूचा भाग दुखावलेला असतो, त्यामुळे जिभेला काही लावून तिथे पोचत नाही. आणि स्ट्रोकनंतर गिळायचं तंत्र बिघडलेलं असू शकतं, चिकट किंवा पातळ काहीही श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, स्ट्रोकच्या पेशंटमधे हे फार धोक्याचं. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओलसर घरघरता येतो का, हे बार्शीच्या दादांनीही बघा आणि असेल तर लगेच सांगा डॉक्टरांना, गिळण्याची तपासणी वेगळी होते. आजोबांना फरक पडला असेल यात शंका नाही, सुरुवातीच्या काही महिन्यांत मेंदूची सूज उतरते आणि बोलणं आपलं आपण थोडं परत येतंच.

निपाणीची_सून

आमच्या सासूबाईंचं उलटं होतं म्हणून लिहिते, कारण अफेजिया म्हणजे बोलणं बंद असंच सगळे धरतात. आईंचं बोलणं बंद झालंच नाही, उलट नळ सोडल्यासारखं चालू! सूर बरोबर, वाक्यांचा चढउतार बरोबर, हातवारे बरोबर, पण अर्थ शून्य. भाकरीला रिक्षा म्हणायच्या, मधेच कुठल्याच भाषेत नसलेले शब्द. आणि आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळायचंच नाही, समोरच्याला समजलं नाही की आमच्यावरच चिडायच्या. हातापायात काही नाही, चालत्या-फिरत्या, त्यामुळे नातेवाइकांनी आधी वेड लागलं म्हणूनच ठरवलं, कुणी देवाचं बघा म्हणालं. एमआरआय केल्यावर कळलं की डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला स्ट्रोक आहे. याला वर्निकेज अफेजिया म्हणतात, समजण्याचा भाग बिघडलेला.

तपासणीत आम्हाला एक गोष्ट फार उपयोगाची झाली ती म्हणजे थेरपिस्टनी पहिल्यांदा भाषांचीच चौकशी केली. माहेरी काय बोलायच्या, बाजारात काय, शाळा कुठल्या भाषेत, देवाचं कुठल्या भाषेत वाचतात. आईंचं माहेर कन्नड, घर मराठी, टीव्ही हिंदी. कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत तपासलं तर कन्नडमधे समजणं थोडं जास्त निघालं. म्हणजे नुसती मराठीत टेस्ट घेतली असती तर मार्क आणखी कमी दिसले असते. सीमेवरच्या, मुंबईतल्या, बाहेरगावी असलेल्या आपल्या सगळ्यांच्या घरात दोन-तीन भाषा असतातच, तर हे थेरपिस्टला आपण होऊन सांगा. बार्शीच्या दादांचं तसं नसेल पण बाबा ड्युटीवर हिंदी, कानडी बोलत असतील तर तेही सांगा.

घरी आम्ही काय केलं, टीव्ही बंद करून, समोर बसून, एकानेच बोलायचं. वस्तू हातात घेऊन बोलायचं. "भाजी" म्हणताना मेथीची जुडी दाखवायची आणि कागदावर मोठ्या अक्षरात मेथी लिहायचं, वाचून त्यांना जास्त कळायचं. मग दोन जुड्या समोर, मेथी कुठली, बोट ठेवा. चुकीचं बोलल्यावर "चूक, परत म्हणा" असं आम्ही कुणीच नाही करायचो, त्या भाकरीला रिक्षा म्हणाल्या तर मी भाकरी वाढत "हो, भाकरी, गरम भाकरी" म्हणायची आणि पुढे. मोबाईलवर घरच्यांचे, देवळाचे, दुधवाल्याचे, औषधाच्या पाकिटांचे फोटो काढून एक अल्बम केला, सांगता आलं नाही की त्या तो उघडून बोट ठेवायच्या. लोक म्हणतात फोटोची सवय लागली तर बोलणार नाहीत, आमच्याकडे तसं अजिबात झालं नाही, बोट ठेवताना शब्दही यायला लागला. आता सलग गप्पा मारत नाहीत पण भाजीवालीशी भाव करतात, आणि कमी करूनच घेतात!

आणि दादा, आईची काळजी घ्या. सगळं बोलणं तिच्या एकटीवर पडतं.

बार्शीचा_मुलगा

खरंच मनापासून धन्यवाद सगळ्यांना. काकांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत, पण रात्री बाबांजवळ जाऊन बसले आणि पेपरातल्या क्रिकेटच्या बातम्या वाचून दाखवत होते. स्टॉपचं करून बघितलं, मी "मोहोळ" म्हटलं आणि बाबांनी टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण सलग म्हटलं, यवतला अडकले. आई रडायलाच लागली.

एक भीती आहे. ओळखीतले एक डॉक्टर म्हणाले की जे काय यायचं ते सहा महिन्यांत, नंतर पैसे घालवू नका. दोन महिने गेलेच आहेत. हे खरं आहे का? गोळी-इंजेक्शन काही आहे का बोलण्यासाठी? आणि बाबा हल्ली सकाळी उठायलाच मागत नाहीत.

वाचा_उपचार_नागपूर

भिगवणपर्यंत गेले म्हणजे पुढे जायला जागा आहे.

सहा महिन्यांची भिंत नाही. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगानं होते, मग वेग कमी होतो, एवढं खरं. पण जर्मनीत याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला, २०१७ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्ट्रोकला सहा महिने उलटून गेलेले १५६ पेशंट घेतले, आठवड्याला दहा तास किंवा जास्त अशी तीन आठवडे दाबून थेरपी दिली, तर रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं आणि सहा महिन्यांनी पाहिलं तरी टिकलेलं होतं. आता आपल्याकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपी मिळते आणि मग फरक पडत नाही म्हणतात, अहो डोसच पुरा नाही. म्हणून घरच्यांनी शिकून घेणं इतकं महत्त्वाचं. तुम्ही थेरपिस्टला सांगा की सेशनमधे आईला शेजारी बसू द्या, आणि उद्दिष्ट आमच्याशी बोलून ठरवा, "महिन्याभरात बाबांनी फोनवर मुलीला नाव घेऊन हाक मारायची" असं काहीतरी, ज्यात बाबांनाच इंटरेस्ट आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तीच टेस्ट परत, म्हणजे कुठे सुधारलं ते कळतं.

बोलण्यासाठी खात्रीची गोळी आज नाही, कुणी महागडी इंजेक्शनं सुचवली तर आधी तुमच्या न्यूरोलॉजिस्टना विचारा. बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका, दुसरा स्ट्रोक आला तर केलेलं सगळं पाण्यात.

सकाळी उठत नाहीत हे मला सगळ्यात आधी बघावंसं वाटतंय. स्ट्रोकनंतर डिप्रेशन बऱ्याच जणांना येतं आणि अफेजियात माणूस ते सांगूही शकत नाही, त्यामुळे राहून जातं. झोप, भूक, रडणं, चिडणं याची नोंद करून डॉक्टरांना सांगा, त्याला औषध आहे आणि त्यानं थेरपीतही फरक पडतो.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन बघा, नंबर विचारायला लाजू नका. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था (वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था) आणि मुंबई सेंट्रलचं नायर हॉस्पिटल इथे सरकारी दरात तपासणी होते. एकदा तिकडे सविस्तर तपासून प्लॅन घ्या आणि मग व्हिडिओ कॉलवर चालू ठेवा, अफेजियात ऑनलाइन थेरपी चांगली चालते. फक्त मोबाईल स्टँडवर ठेवा आणि बाबांना थेरपिस्टचं तोंड दिसेल इतका मोठा स्क्रीन घ्या, जमल्यास टॅब.

ठाणे_वेस्ट_काका

उपचाराचं सगळं आलंच आहे, मी कागदपत्रांचं सांगतो कारण आमच्याकडे तिथेच जास्त फरफट झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व हा प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत अफेजियाचं नाव थेट लिहिलेलं आहे. ते कायमस्वरूपी असलं पाहिजे त्यामुळे आत्ता लगेच सर्टिफिकेट नाही मिळणार, थेरपी चालू राहू दे, पण रिपोर्ट, एमआरआय, दर वेळची टेस्ट सगळं एका फाइलीत लावत जा. पुढे युडीआयडी कार्डाला (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. हातापायाचं आणि बोलण्याचं दोन्ही दाखवा, बरेच जण नुसतं हातापायाचं दाखवतात.

बँकेचं आत्ताच करा. सही जमत नाही म्हणून काउंटरवर पैसे अडवले तर मॅनेजरना भेटा, आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो, रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत तशा. डाव्या हाताच्या सहीची प्रॅक्टिसही सुरू करा, थेरपीच होते ती. जाताना बाबांना बरोबर न्या आणि तिथल्या माणसाला आधीच सांगा की यांना समजतं, बोलायला वेळ लागतो, प्रश्न यांनाच विचारा.